लाईन शोधून राहिलो

निवृत्तीनंतर मी मोबाइल फोटोग्राफीच्या वर्गात नाव घातलं, तेव्हा बायकोने हात जोडले. मला त्यात ओढू नका, एवढंच म्हणाली. फोटोचा विषय निघाला की ती स्वयंपाकघरात पसार होते, हे मला तीस वर्षांपासून ठाऊक.

वर्गात माझी पार शोभा झाली होती. लग्नाच्या अल्बमवर पोसलेला माणूस मी. चहाचा कप असो की चप्पल, सगळं मधोमध ठेवून टिपायचो आणि सर ते बाद करायचे. सर म्हणाले, उद्या घरातल्या लाईनी टिपून आणा, नजरेला हात धरून विषयाकडे नेतील अशा. हाही फोटो बाद झाला तर वर्ग सोडायचा, असं मी ठरवून टाकलं.

मे महिन्याची दुपार. कपड्यांची दोरी टिपून झाली, जिन्याचा कठडा झाला. एकातही जीव नाही. काय शोधता, बायकोने विचारलं. लाईन शोधून राहिलो, म्हटलं. तेवढ्यात कूलर घरघरत थांबला.

"आता शोधा," ती म्हणाली. "लाईन गेली."

आमच्याकडे वीज जात नाही, लाईनच जाते. हसतच तिने वाऱ्यासाठी मागची खिडकी उघडली आणि भिंतीशी बसून लोणच्याच्या कैऱ्या फोडायला घेतल्या. मी जागीच थबकलो. गजांच्या सावल्या फरशीवरून तिरप्या धावत थेट तिच्या हातांपर्यंत गेल्या होत्या. मी फरशीवर पालथा पडलो, तिला फोटोच्या कडेला ठेवलं आणि ती नको म्हणायच्या आत टिपून मोकळा झालो.

तिने मोबाइल हिसकावला. फोटो पुसायलाच निघाली होती.

"मले कोपऱ्यात काहून टाकलं? तुमच्या घरच्या सगळ्या फोटोत मी कोपऱ्यातच. अन् तेही अर्धी कापलेली."

तीस वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मला लाज वाटली, पण आनंद इतका होता की गप्पही बसवेना.

"या सावलीवर बोट ठेव," मी म्हटलं. "आता कुठं जाते ते पाहा."

तिने मोबाइलवर एका सावलीवरून बोट फिरवलं. मग दुसरीवरून, तिसरीवरून.

"सगळ्या माझ्याकडंच येऊन राहिल्या," ती हळूच म्हणाली. मग हा मला पाठवा म्हणाली, आणि मी पाठवल्यावर थोडा वेळ स्वतःच्या मोबाइलवर बोटं चालवून पुन्हा कैऱ्यांकडे वळली.

उद्या वर्गात दाखवू का, हे विचारायला मी शब्द जुळवत होतो. तेवढ्यात मोबाइल वाजला. आमच्या घराण्याच्या ग्रुपवर, तिच्या दीर-जावा-नणंदांसकट सगळ्यांना, तिने तो फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'कोपऱ्यात मी आहे.'