केळीच्या पानांवर आई

नव्वदच्या दशकात मी बाळंतपणासाठी दिंडोरीला माहेरी आले, तेव्हा आईच्या तोंडात फोड आले होते. एरवी ठेचा-भाकरी खाणारी ती, साधा वरणभातही गिळेना. पुढं पाठीवर, छातीवर पाण्याचे फोड उठले. साडीचा काठ घासला तरी फुटायचे आणि खाली लालभडक कातडी उघडी पडायची.

आमची द्राक्षबाग. फवारणीचं मोरचूद आई कालवायची, म्हणून ती औषधानंच भाजली असं वडिलांनी मनाशी धरलं. गावात कुणी नागीण म्हणालं, कुणी एकाचा दुसऱ्याला होणारा लागट रोग. आई आपणहून पडवीत झोपू लागली. चादर अंगाला चिकटायची, म्हणून वडील रोज केळीची पानं कापून तिच्यासाठी अंथरायचे. माझ्या बाळाला ती लांबूनच बघायची.

शेवटी नाशिकला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी फोडाशेजारची धड दिसणारी कातडी अंगठ्यानं हलकेच दाबून सरकवली. ती सुटून आली. वडिलांनी मान फिरवली.

"माझ्या फवारणीनंच झालं ना, बाई?"

"औषधानं भाजलं असतं तर आधी हात भाजले असते, बाबा. इथं सुरुवात तोंडात झालीय. शिवाय फोड ढिले आहेत. याच्यासारखा दुसरा एक आजार असतो, त्यात फोड ताठ असतात, लवकर फुटत नाहीत. पण नुसतं बघून मी नाव देणार नाही."

त्यांनी कातडीचे दोन तुकडे घेतले. एक नाशिकलाच तपासला, दुसरा वेगळ्या द्रावणात मुंबईला पाठवला. अहवाल आल्यावर त्यांनी नाव सांगितलं, पेम्फिगस. शरीराची राखण करणारी शक्तीच चुकून कातडीवर उलटते आणि पेशींचे सांधे तोडते, असं त्यांनी सावकाश समजावलं. औषधं वर्षानुवर्षं घ्यावी लागतील, तीही जड आहेत, हेही लपवलं नाही.

आईनं एवढंच विचारलं, "लागट नाय ना पण?"

"अजिबात नाही."

"मग बाळाला घेऊ?"

"घ्या की."

मी बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. तिला दुखत असणारच, पण तिनं दिसू दिलं नाही. वडील बाहेर पायरीवर जाऊन बसले आणि टोपीनं डोळे पुसत राहिले.

गोळ्यांनी फोड सुकले. पण त्यांनीच चेहरा सुजून गोल झाला, साखर वाढली. काही वर्षं बरी गेली, मग आजार उलटला, जंतुसंसर्ग रक्तात गेला आणि आई गेली.

माझ्या मुलाला आजी गोल चेहऱ्याचीच आठवते. तिचा आजाराआधीचा फोटो पहिल्यांदा दाखवला, तेव्हा त्यानं विचारलं, "ही कोण?"