छत न घालणारा उस्ताद

उस्ताद खुदामुराद दिवसाला दीडशे कच्च्या विटा पाडतात आणि फार तर पंधरा वाक्यं बोलतात. त्यांतली दहा माझ्याशी, तीही भांडणाची.

मी बमचा मातीचा किल्ला पाहुण्यांना दाखवते. तेवीस वर्षं झाली. पहिली सात किल्ला उभा असताना, पुढची सोळा तो भूकंपात पडल्यावर. माझं नाव बमानी. घरात मुलं जगत नसली की आमच्याकडे पुढच्या पोरीचं नाव असं ठेवतात, म्हणजे ‘बाई, तू तरी राहा’. मी राहिले. भूकंपाच्या पहाटे आमच्या गल्लीत जी चार माणसं राहिली त्यांत मी एक. असो, माझं राहू दे.

किल्ल्याच्या दुसऱ्या दरवाज्याच्या आत डाव्या हाताला उस्तादांचं विटांचं अंगण आहे. पाहुणे तिथं थांबतातच, कारण तिथं सावली आहे आणि फोटोला म्हातारा आहे. उस्ताद विजार गुडघ्यापर्यंत दुमडून चिखल तुडवत असतात. त्यात भुसा आणि खजुराच्या झाडाचा काथ्या घालतात, दोन दिवस मुरू देतात, मग साच्यात थापतात. इस्फहानची एक बाई एकदा त्यांना म्हणाली, “नव्या विटा घालून किल्ला जुना कसा राहील हो?” इस्फहानच्या माणसांना सगळं ठाऊक असतं, तरी विचारायची हौस भारी.

“पडलेल्या भिंतींचीच माती आहे,” उस्ताद म्हणाले. “चाळून घेतो.”

मग तिने पुढचं विचारलं, जे सगळेच विचारतात. आवाज खाली आणून. “तुमच्या घरातलं कुणी गेलं का त्यात?”

“बायको आणि दोन मुलगे. जरा सरका बाई, तुमचा पाय ओल्या विटेवर आहे.”

दोन्ही वाक्यं एकाच आवाजात. बाईचे डोळे भरून आले, आणि उस्ताद पुढच्या विटेकडे वळले. दाढ काढण्याआधी हिरडीत सुई देतात ना, तसं त्यांचं आहे. फक्त ती बधिरता उतरलीच नाही. दरवर्षी भूकंपाच्या तारखेला, दे महिन्याच्या पाचव्या दिवशी, आम्ही सगळे कबरस्तानात जातो. बायका आक्रोश करतात, मीही करते. उस्ताद तीन दगड पाण्याने धुतात, बाजूला बसून खजूर वाटतात आणि मला विचारतात, “खानम, सोमवारी किती पाहुणे आहेत?” मला तेव्हा त्यांचा राग येतो. मग मी नेहमीचं बोलते, की उस्ताद, जिथं एवढा किल्ला पडला तिथं तुमच्या-आमच्या घरांची काय कथा. ते मान डोलावतात. सोळा वर्षं मी हेच बोलले आणि सोळा वर्षं त्यांनी मान डोलावली.

खरं तर उस्ताद विटा पाडणारे नव्हेत. त्यांच्या बापाचं नाव घुमटासाठी किरमानपर्यंत होतं आणि उस्ताद बापाला भारी होते. सेंट्रिंग नाही, फळी नाही, आत उभं राहून विटांच्या एकेका वेढ्याने घुमट मिटवायचे. भूकंपानंतर किल्ल्याच्या इंजिनिअरने त्यांच्या किती विनवण्या केल्या. उत्तर एकच, “भिंत सांगा. छत मी घालत नाही.” स्वतः ते आपल्या खजुराच्या बागेत झावळ्यांखाली झोपतात. थंडीत तीन गोधड्या घेतात, पण आत जात नाहीत. गाव म्हणतं, माणूस दगड झाला. मीही म्हणायचे.

त्यांची एक मुलगी राहिली, मलीहा. त्या वेळी ती किरमानला नर्सिंग शिकत होती, होस्टेलवर होती. पुढे तिथंच लग्न, तिथंच नोकरी. नवरा बंदरावर कामाला, महिन्यातून एकदा येतो. मागच्या हिवाळ्याच्या तोंडाशी तिने बमच्या दवाखान्यात बदली मागून घेतली आणि चार वर्षांच्या यल्दाला घेऊन थेट विटांच्या अंगणात आली. मी तिथंच चहा पीत होते.

“बाबा, बागेत मला एक खोली बांधून द्या. मातीची. हा नकाशा, पास झालाय. भिंतीत दोरीची जाळी, कोपऱ्यांना पट्टे, वर हलका घुमट. भिंती तुम्ही किल्ल्यावर रोज घालता तशाच.”

उस्तादांनी नकाशा पाहिला. “भिंती घालतो. छताला माहानच्या हाशेमला बोलाव.”

“हाशेम नको.”

“हात चांगला आहे त्याचा.”

“असेल. तुम्ही घाला.”

“मी छत घालत नाही, पोरी.”

“बरं,” मलीहा म्हणाली. “मग भिंती तरी घाला.”

बापापेक्षा लेक सवाई. भिंती उभ्या राहिल्या त्या संध्याकाळी तिने वर ताडपत्री ताणली आणि पोरीला घेऊन आत राहायला आली. आझर महिना, बमची थंडी हाडात शिरणारी. उस्ताद दहा पावलांवर झावळ्यांखाली झोपत होते. चौथ्या दिवशी यल्दा खोकू लागली. उस्तादांनी आपली एक गोधडी नेऊन दारात ठेवली आणि परत फिरले.

नवव्या दिवशी मी पाहुण्यांना किल्ल्यातल्या मशिदीपाशी उभं केलं आणि उस्तादांना गाठलं. “उस्ताद, लाज वाटते का काही? अख्ख्या जगातले लोक तुमच्या भिंतींचे फोटो काढतात, आणि तुमची नात ताडपत्रीखाली खोकते.”

“हाशेमला सांगा म्हटलं ना.”

“ती ऐकत नाही.”

“मग मी तरी काय करू?”

“घुमट घाला. कशाला घाबरता एवढं?”

ते साचा खरवडू लागले. मग म्हणाले, “खानम, भिंती कितीही सांगा, घालेन. झोपणाऱ्या माणसावर छत नाही घालणार.” सोळा वर्षांत त्यांच्या मनातलं म्हणून ऐकलेलं हे पहिलं वाक्य. मी पाहुण्यांकडे परतले.

रात्रभर यल्दा खोकत होती, आणि दहाव्या दिवशी ताडपत्री उतरवलेली दिसली. उस्ताद चार भिंतींच्या मध्ये शिडीवर उभे होते आणि मलीहा खालून विटा देत होती. अकरा दिवस लागले. मी रोज काम सुटल्यावर जाऊन बसायचे. हात तेच होते, झपझप चालणारे. चेहरा मात्र असा, की दुसऱ्याच कुणाचं काम चाललंय आणि हे नुसते पाहतायत. शेवटची वीट बसली, यल्दाने टाळ्या वाजवल्या. उस्ताद खाली उतरले, हात धुतले आणि बाहेर आले. त्यानंतर दोन महिने त्यांनी त्या दारात पाऊल टाकलं नाही. मलीहा आतून जेवायला हाक मारायची, ते उंबऱ्याबाहेर बसून जेवायचे. मीठ कमी पडलं तरी बोलायचे नाहीत.

बहमन महिन्यात एका सकाळी दहाच्या सुमारास जमीन हलली. मी सात जर्मन पाहुण्यांना तबेल्याची कमान दाखवत होते. फार मोठा धक्का नव्हता, वरून धूळ गळली आणि कुठंतरी कुत्री ओरडली. मी सगळ्यांना मोकळ्यावर आणलं, वळून पाहिलं तर उस्ताद धावत होते. चिखलाने भरलेले उघडे पाय, सत्तरीचा माणूस. सात जर्मनांना वाऱ्यावर सोडून मीही मागे धावले.

मलीहा दारात उभी होती. रात्रपाळी करून आलेली, गालावर उशीचे वळ, यल्दा कडेवर. “झोपेत मला कळलंसुद्धा नाही,” ती म्हणाली. “हिने उठवलं. बाबा, एक चीर नाही बघा.”

उस्ताद आत गेले. भिंतीवरून हात फिरवला, चारही कोपरे पाहिले, मग मान वर करून घुमटाकडे पाहत राहिले. मी म्हटलं, “टिकला हो उस्ताद. शाब्बास तुमची.”

“टिकला,” ते म्हणाले. आणि तिथंच खाली बसले.

“त्या रात्री आधी दोन धक्के बसले होते. ती तिघं अंगणात येऊन बसली होती. थंडी होती, धाकटा कुडकुडत होता. मी म्हणालो, आत जाऊन झोपा. तुमच्या आजाचा मातीचा घुमट पाडून वर लोखंडी तुळयांचं छत घातलंय मी, ते हलायचं नाही. असं म्हणालो. हसलोसुद्धा. आणि पहाटे पाचला बागेला पाण्याची पाळी होती म्हणून मी निघून गेलो.”

ते हे मलीहाकडे न बघता बोलले. दर वर्षी कबरस्तानात मी ऐकवलेलं ते किल्ल्याचं वाक्य मला आठवलं, आणि मला माझीच लाज वाटली.

मलीहाने पोरीला खाली ठेवलं. “मला ठाऊक आहे,” ती म्हणाली. “आईने रात्री होस्टेलवर फोन केला होता. म्हणाली, बाबा म्हणतायत आत झोपा, आम्ही जातो आत.”

उस्तादांनी आता तिच्याकडे पाहिलं. “तेव्हापासून ठाऊक आहे?”

“तेव्हापासून.”

“आणि तरी मलाच छत घालायला लावलंस? हाशेम होता की.”

“दुसऱ्यांच्या छताखाली सोळा वर्षं झोपले, बाबा,” मलीहा म्हणाली. “झोप लागली नाही.”