कोपऱ्यावरच्या डेलियाची चौकशी

राजानंद हॉलंडातल्या नायमेखन शहरात एका कंपनीत मेलेल्या चिपांचं शवविच्छेदन करतो. चिप का मेली ते शोधायचं, हे त्याचं काम. तिथले दोन नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. 'कोणी केलं' असं विचारायचं नाही, 'का झालं' असं पाच वेळा विचारायचं. आणि ज्याचा त्या मालाला हात लागलाय, त्याने चौकशीला बसायचं नाही. हे नियम त्याच्या अंगात इतके मुरलेत, की घरी वरण करपलं तरी तो 'का' पासूनच सुरुवात करतो. त्यावर त्याची बायको प्रमिला काय म्हणते, ते इथे न लिहिलेलंच बरं.

ऑगस्टात प्रमिलाला अपघात झाला. शहराबाहेरच्या ज्या लहानशा गावात ते राहतात, तिथल्याच कोपऱ्यावर पार्सलच्या व्हॅनने तिच्या सायकलला उडवलं. नडगीचं हाड दोन जागी मोडलं. तिच्या बाजूच्या रस्त्यावर पांढरे त्रिकोण रंगवलेले होते. इथे त्यांना शार्कचे दात म्हणतात, आणि दात ज्याच्याकडे वळलेले त्याने थांबायचं. त्यामुळे शुद्धीवर येताच प्रमिलाने जाहीर केलं की चूक आपलीच, आणि आता जन्मात सायकलवर बसणार नाही. ही बाई चाळिशीत, गुडघे फोडून घेत सायकल शिकली होती. ती काम करते त्या प्रयोगशाळेत जाताना वाऱ्याशी भांडत, मोठ्याने गाणं म्हणत जायची. तीच आता खुर्चीत बसून बसच्या वेळा बघायला लागली, आणि ते राजानंदला बघवेना.

त्याला एवढंच हवं होतं, की अपघात का झाला हे कोणीतरी शोधावं. पोलिसांनी गुन्हा आहे का ते बघितलं, नव्हता. विमावाल्यांनी भरपाई कोणी द्यायची ते बघितलं; ठरलं. उरली खेमेंते, म्हणजे इथली नगरपालिका. रस्ते विभाग म्हणाला, रस्ता नियमाप्रमाणे आहे, पण कोपऱ्यावर फुलांची जी मोठी लाकडी पेटी आहे, ती हिरवळ विभागाची. हिरवळ विभाग म्हणाला, पेटी आमची, पण फुलं रहिवाशांची. ती पेटीही का बसवलेली, तर गाड्यांचा वेग कमी व्हावा आणि कोपरा सुरक्षित व्हावा म्हणून. सगळे इतकं गोड बोलायचे, की भांडायचीसुद्धा सोय नव्हती.

शेवटी राजानंदचं डोकं फिरलं. आपला हात जगन्नाथ म्हणत त्याने शनिवारी सकाळी घरीच बैठक बोलावली. आणि हॉलंडात बैठक म्हटली की माणसं येतातच. व्हॅन चालवणारा युरियान आला, खेमेंतेतली मारेके आली, पेटीत डेलिया लावणारा शेजारचा निवृत्त मास्तर टेओ आला. कॉफीबरोबर प्रत्येकाने शिस्तीत एकेक बिस्किट घेतलं. मग प्रमिलाने भलामोठा वाडगा भरून चिवडा पुढे सरकवला, आणि त्यातलं किती घ्यायचं असतं ते कोणाला कळेना.

राजानंदने नियम सांगितला: हात लागला असेल त्याने बाहेर. कोणी रागावलं नाही. युरियान म्हणाला, मग मी तर पहिलाच, आणि कप घेऊन बागेत गेला. पेटीला मंजुरी मारेकेने दिली होती, तीही गेली. डेलिया लावले म्हणून टेओ गेला. आत उरले राजानंद, आणि प्लॅस्टरमधला पाय स्टुलावर ठेवून बसलेली प्रमिला.

राजानंदने 'का' सुरू केले. गाडी आणि सायकल एकमेकांना का दिसल्या नाहीत? डेलिया आड आले म्हणून. आड का आले? कंबरेएवढे व्हायचे ते डोक्यावर गेले म्हणून. डोक्यावर का गेले? इथे तो अडला. त्याने खिडकी उघडून टेओला विचारलं.

"तुझ्या बादलीमुळे," टेओ म्हणाला.

उन्हाळाभर राजानंद दर रविवारी त्या पेटीत जीवामृत ओतत होता. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, सगळं अगदी गावाकडच्या कृतीने. हॉलंडात शेणाला काय तोटा! पलीकडच्या गोठ्यातून तो ते सायकलवर आणायचा, आणि टेओ त्या डेलियांची उंची येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने दाखवायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा असा. राजानंदच्या तोंडचं पाणी पळालं. मग नियम तो नियम म्हणून तो उठला, स्वतःचा कप उचलला आणि मान खाली घालून बागेत गेला.

खरं तर प्रमिलालाही जायला हवं होतं. पण तिला उठता येत नव्हतं. त्यामुळे चौकशीला ती एकटीच उरली, आणि बागेतून चौघेजण काचेला नाक लावून तिच्याकडे बघत राहिले. ती चिवडा खात बराच वेळ विचार करत बसली. मग तिने राजानंदला हाक मारली. तो दारात आला, पण उंबऱ्याच्या आत पाय टाकेना.

"मी थांबले होते रे," ती म्हणाली. "दातांपाशी पाय टेकवून थांबले होते. पलीकडचं काही दिसेना, म्हणून चाक पुढे काढलं. थांबायचं कोणी होतं एवढंच सगळे बोलत होते, आणि मीच पोलिसांना चूक माझी म्हणून सांगून बसले. तू थांबलीस का, हे मला कोणी विचारलंच नाही. तूपण नाही."

राजानंदला रडू आलं. इतक्या दिवसांत आपण प्रत्येक दार ठोठावलं आणि घरातल्या घरात हिला विचारलं नाही, याची त्याला लाज वाटली.

"पाच 'का' लागले नाहीत. तिनातच झालं," प्रमिला म्हणाली आणि तिने निकाल दिला. डेलिया आजच्या आज गुडघ्याएवढे छाटायचे, तेही चौघांनी मिळून, आणि बादली कायमची बंद.

राजानंद कात्री शोधायला वळला, तशी तिने पुन्हा हाक मारली.

"आणि माझी सायकल दुरुस्तीला टाक. पाय बरा झाला की जाऊन बघणार आहे मी, नीट कापलेत की नाही ते."