आमच्या गच्चीवरचं ऊन

हडपसरला गाडीतळापासून आत वळलं की आमचं घर लागतं. खाली तीन खोल्या आणि वर मोकळी गच्ची. यांनी कारखान्यात ओव्हरटाइम करून आणि मी मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवून ते थोडं थोडं करत बांधलं. पुढेमागे वर मजला चढवायचा म्हणून कोपऱ्यांतल्या सळ्या तशाच ठेवल्या होत्या. मजला काही झाला नाही. लेक लग्न होऊन बंगळूरला गेली, आम्ही दोघं निवृत्त झालो, आणि वरची जागा फक्त वाळवणाची राहिली.

मग यांना दम लागायला लागला. आधी जिना चढताना, मग अंघोळीला जाताना, मग नुसतं बोलतानाही. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं दमली आहेत, आता घरी ऑक्सिजन लावावा लागेल, दिवसाचे बहुतेक तास. मला वाटलं होतं सिलिंडर येईल. सिलिंडर आला तो लाइट गेली तर असावा म्हणून. रोजच्यासाठी आलं ते चाकांवरचं एक यंत्र, लहान फ्रिजएवढं. खोलीतलीच हवा आत ओढायची, तिच्यातला ऑक्सिजन निवडायचा आणि लांबलचक नळीतून नाकापर्यंत पोहोचवायचा, हे त्याचं काम. नळी दिवाणखान्यातून मोरीपर्यंत आणि पुढे पोर्चपर्यंत पुरायची. स्वयंपाकघरात मात्र यांना बंदी, कारण ऑक्सिजनजवळ ज्योत नको. सकाळच्या वंदनेला मेणबत्ती आणि अगरबत्ती लावणंही आम्ही बंद केलं. बुद्धमूर्तीपुढे फुलं तेवढी राहिली.

यंत्राच्या आवाजाची मला इतकी सवय झाली की तो बंद झाला तरच ऐकू यायचा. एकदा दुपारी भाजी घेऊन आले, दार उघडलं आणि घर एकदम शांत. पिशवी तिथंच टाकली आणि आत धावले. हे पलंगावर उशीला टेकून बसलेले. ओठांचा रंग बदललेला.

"अहो, यंत्र बंद कसं?"

"मी केलं," हे म्हणाले. एकेक शब्द सुटा. "जरा मीटरला विश्रांती."

मी बटण दाबलं, नळी नीट लावली. हळूहळू ओठांवर रंग आला. मग कळलं की मी बाहेर पडले की हे रोजच यंत्र बंद करत होते. लाइटबिल दर महिन्याला फुगत चाललं होतं आणि ते वाचायला चष्मा लागत नव्हता, असं यांचं म्हणणं. मी रडले नाही. रागावले मात्र खूप. हे म्हणाले, "अगं, आयुष्यभर मशीन बंद करूनच जागेवरून उठलो. सवय आहे."

त्या संध्याकाळी लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, आपली गच्ची मोकळीच आहे ना? सरकार सोलरला अनुदान देतंय. मी इथून ऑनलाइन अर्ज भरते."

मी विचारलं, "म्हाताऱ्या माणसांसाठी काही वेगळी सोय आहे का?"

"वेगळी नाही गं. ज्याचं घर आणि ज्याच्या नावावर मीटर, त्या सगळ्यांना सारखीच. आधी आपण बसवायचं, मग अनुदान बाबांच्या खात्यात येतं."

हे ऐकत होते. "आधी आपण, मग सरकार," म्हणाले. "क्रम चांगला आहे."

शेजारच्या गिरणीवाल्या वहिनींनाही तसंच वाटलं. भिंतीला भिंत लागून त्यांची पिठाची गिरणी. नवरा गेल्यापासून एकट्या चालवतात. म्हणाल्या, "ताई, सरकारचा पैसा म्हणजे पाव्हणा. येतो म्हणतो, येईल तेव्हा खरा." पण यांच्या नकाराचं कारण वेगळंच होतं. पॅनेल बसवणाऱ्यांच्या इंजिनिअर बाई गच्ची बघायला आल्या. तिशीच्या, टोपी घातलेल्या, बोलण्यात नागपूरची झाक. त्यांनी सांगितलं की पॅनेलना पंचवीस वर्षांची हमी असते.

"पंचवीस?" हे म्हणाले. "आणि माझी किती आहे, ते कुणाला विचारायचं?"

बाई टेप काढून मापं घेऊ लागल्या. त्या गेल्यावर हे मला म्हणाले, "कशाला हा खटाटोप? माझ्यासाठी एवढं छप्पर भरायचं आणि मी चार महिन्यांत उठून चालता झालो तर?"

मी म्हटलं, "तर मी आहे ना इथं. मला पंखा लागत नाही? दिवा लागत नाही? की मी तुमच्या मागोमाग अंधारात बसायचं?"

"बरं, भरायला सांग अर्ज," हे म्हणाले. मीटर यांच्या नावावर, त्यामुळे अर्जासाठी मोबाइलवर आलेला ओटीपीचा आकडाही यांनाच सांगावा लागला. चष्मा लावून त्यांनी तो लेकीला वाचून दाखवला, नीट, दोनदा.

पॅनेलं आली त्या दिवशी मी गच्चीच्या दारात उभी होते. दोन माणसं वरून दोर ओढत होती, इंजिनिअर बाई खालून सांभाळत होत्या, आणि एकेक निळं-काळं पान भिंतीला न टेकता वर येत होतं. मी काचेला हात लावला. गरम होती, पण काहीच हलत नव्हतं. ना चाक, ना पट्टा, ना आवाज. शिवणयंत्रालासुद्धा पाय मारावा लागतो. हे नुसतं पडून राहणार आणि वीज देणार, हे मला कळत होतं पण पटत नव्हतं. खालून यांचा आवाज आला, "दिसतंय का काही?"

"आरसे घातल्यासारखं दिसतंय," मी ओरडून सांगितलं. "आकाश उतरलंय त्यात."

"मग झाकून ठेव. वहिनी पीठ वाळत घालतील."

त्यानंतर काही आठवडे पॅनेलं नुसती उन्हात बसून होती. आत येणारी आणि बाहेर जाणारी, दोन्ही वीज मोजणारा नवा मीटर यायचा होता. तो आला तेव्हा वीज कंपनीचा माणूस आणि आमच्या इंजिनिअर बाई एकदमच पोर्चमध्ये हजर झाले. मीटर तिथंच भिंतीवर, म्हणजे नळीच्या टप्प्यात. हे खुर्ची घेऊन त्याच्यासमोर बसले. नाकात नळी, आत यंत्राची घरघर, बाहेर चैत्राचं ऊन.

बाईंनी खटका वर केला. थोडा वेळ काहीच नाही. मग मीटरवरचा छोटा बाण फिरला.

"काका, हा बाण बघा. आता वीज बाहेर जातेय."

"बाहेर म्हणजे?"

"म्हणजे घराला जेवढी लागते तेवढी घेऊन उरलेली तारेवर जातेय."

हे मीटरकडे बघत राहिले. मग आतल्या यंत्राकडे बोट दाखवलं. "पण ते तर चालू आहे."

"हो, तेही त्याच्यावरच चाललंय."

"पंखा?"

"पंखाही."

"आणि तरी उरतंय?"

"उरतंय काका. दुपारी अजून उरेल."

यांनी नळीला हात लावला, जणू ती पहिल्यांदाच लागली होती. माझ्याकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, यांच्या चेहऱ्यावर टोमणा नसलेली आश्चर्याची नजर मी क्वचितच पाहिली होती. लेक जन्मली तेव्हा, आणि आता. ज्या उन्हाला पदर घेऊन टाळायचं, ज्यात पापड घालायचे, ते ऊन या घडीला या माणसाच्या छातीत हवा भरत होतं. मी शिकलेली बाई, मुलींना विज्ञानाची प्रदर्शनं दाखवायला नेलेली. पण डोळ्यांसमोर घडताना मला ते समजावून सांगता आलं नसतं.

"उरलेली जाते कुठं?" यांनी विचारलं.

"लांब नाही जात. जवळ जिथं लागतेय तिथंच ओढली जाते."

पलीकडे गिरणी सुरू होती. भिंतीतून तिचा थरकाप येत होता. हे हसले. "म्हणजे वहिनींचं दळण आपण दळतोय."

इंजिनिअर बाई म्हणाल्या, "थोडंफार तरी नक्की."

हे खुर्चीतून उठले, पोर्चच्या जाळीपाशी गेले आणि दम लागेल याची पर्वा न करता हाक मारली. वहिनी पिठानं माखलेल्या हातांनी बाहेर आल्या. "काय झालं? बरं नाही का?"

"बरं आहे. जरा बारीक दळा म्हटलं. वीज आमची आहे."

त्यानंतर यांनी यंत्र कधी बंद केलं नाही. मला शपथ घालावी लागली नाही, पाळत ठेवावी लागली नाही. सकाळी बाण फिरला की पोर्चमधून हाक यायची, "लागलं गं कामाला."

उन्हाळ्यातच एका दुपारी लाइट गेली. यंत्रानं शिट्टी मारली आणि बंद पडलं. मी घाबरले नाही. वर ऊन रणरणत होतं, पॅनेलं तापलेली. आता आपोआप सुरू होईल म्हणून दोन क्षण थांबले. काही झालं नाही. मग धावत सिलिंडरकडे गेले, नळी त्याला जोडली, यांना हवा लागली. मी इंजिनिअर बाईंना फोन लावला आणि जरा चढ्या आवाजात विचारलं, "डोक्यावर एवढं ऊन आणि आमचं यंत्र बंद? मग उपयोग काय?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "काकू, बसवलं तेव्हा मी सांगितलं होतं, पण गडबडीत राहून गेलं असेल. लाइट गेली की ही यंत्रणा मुद्दाम बंद होते. कारण कुठंतरी वायरमन खांबावर चढलेला असतो. त्याला वाटतं तार बंद आहे. तुमच्या गच्चीवरून वीज त्या तारेत गेली तर त्याचा जीव जाईल."

फोन स्पीकरवर होता. मी यांच्याकडे बघितलं. म्हटलं आता एखादं तिरकस वाक्य येणार.

यांनी नाकातली नळी नीट केली. सिलिंडरचा बारीक फुसफुस आवाज तेवढा येत होता. मग म्हणाले, "थांबलंच पाहिजे."

"अहो, पण तुमचं..."

"माझ्याकडे सिलिंडर आहे. त्याच्याकडे काय आहे?" जरा थांबून म्हणाले, "कारखान्यात मशीनवर माणूस वाकलेला असताना पलीकडून कुणी खटका टाकायचं. एकाचा हात गेलेला मी बघितलाय. आणि इथं ते आपणहून थांबतं. खांबावर कोण आहे हे माहीत नसताना. कुणी विचार केला असेल गं हा?"

खरंच कुणी केला असेल? मी खिडकीतून रस्त्याकडे बघितलं. एरवी लाइट आली नाही की आपण वायरमनला शिव्या देतो. त्या दुपारी आम्ही दोघं, एक न बघितलेला माणूस सुखरूप खाली उतरावा म्हणून वाट बघत बसलो. थोड्या वेळानं पंखा फिरला. हे म्हणाले, "उतरला." नंतर लेकीनं यंत्रापुरती एक बॅटरी बसवून दिली, तिला अनुदान नव्हतं. पण त्या दुपारची आठवण मला भीतीची म्हणून येत नाही.

अनुदान आलं पावसाळ्याच्या तोंडावर. मोबाइल वाजला, यांनी चष्मा लावून वाचलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "पाव्हणा आला." मग मला वहिनींकडे पाठवलं. वहिनी घरी येऊन तो मेसेज स्वतः बघून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यांच्या घराचं लाइटबिल आणून यांच्या हातात दिलं. म्हणाल्या, "दादा, मीटर माझ्या नावावर हाय. पुढं काय करायचं ते तुम्ही सांगा." यांनी लेकीला फोन लावला आणि अशा काही रुबाबात वहिनींना माहिती देऊ लागले की योजना यांनीच काढली असावी.

थंडीत एकदा सकाळी हे म्हणाले, "मला वर जायचंय."

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सावकाश जा, लहान सिलिंडर बरोबर घ्या. मी खांद्यावर सिलिंडरची पिशवी घेतली. वहिनी मागून यांच्या कमरेशी हात धरून आल्या. एक पायरी, थांबा. आणखी एक, थांबा. मधल्या वळणावर हे पायरीवरच बसले. मी म्हटलं, "उतरू या का?" यांनी मान हलवली. श्वास जमेपर्यंत बसले आणि उठले.

गच्चीच्या दारातून ऊन अंगावर आलं. कितीतरी दिवसांनी यांनी डोळ्यांवर हात धरला. मग हात खाली घेतला आणि बघितलं. ओळीनं लावलेली पॅनेलं, त्यांच्यात उतरलेलं निळं आभाळ, एका कडेला बसलेला पारवा. कुठंच काही हालचाल नाही. हे जवळ गेले, चौकटीवर तळवा ठेवला आणि कान लावल्यासारखे वाकले.

"आवाजच नाही," हळूच म्हणाले. "अख्खं आयुष्य आवाजात काम केलं मी. आणि हे एवढं करतंय, आणि आवाज नाही."

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. मी यांना पॅनेलांच्या मागच्या सावलीत, पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसवलं. हे वर बघत राहिले. मी सिलिंडरचा काटा बघितला, ऑक्सिजन अजून बराच होता.

"घाई नाही ना?" यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं आणि शेजारी बसले.