एका गोळीचे चार तुकडे

बीदरच्या एका छोट्या लॅबमधी मंजुश्री सोळा वर्सं झाली लोकांची पोटं भिंगाखाली बघत आलेली. लग्नकार्यात कुणी कामाचं विचारलं की खरं खरं सांगायची, अन् विचारणारा ताट घेऊन दुसऱ्या पंगतीला जायचा. त्या दिवशी सकाळी नवालाच दोन बाटल्या आल्या.

नमुने औरादकडच्या तिच्याच माहेरचे होते. गावात अकरा जण जुलाबानं आडवे झालेले. एका बाटलीत थोरल्या वहिनीचा म्हंजे नागूबाईचा जुलाब. दुसरीत देवळामागच्या विहिरीचं पाणी. विहीर चार दिस बंद होती. पण उद्या थोरल्या भावाच्या, व्यंकटच्या पोरीचं लगीन. आठशे पानं उठायची. मंजुश्रीचा निकाल आल्याबिगर विहिरीची मोटार चालू करणार न्हाई, असं व्यंकटनं कबूल केलेलं.

तिला पटकीचा, म्हंजे कॉलऱ्याचा, संशय होता. पटकीचा जंतू विळ्यागत वाकडा, आखूड अन् भलता पळणारा. वहिनीच्या थेंबात तसलं काहीच नव्हतं. लांबच लांब पिळदार दोरे, शेवया सांडल्यावानी. विहिरीच्या पाण्यात तर नुसते गोल ठिपके, खसखशीवानी.

"बुरशी हाय ती," लॅबमधले जुने हणमंतराव म्हणाले. "अन् पाण्यात गाळ. पटकी न्हाई म्हून लिही, मोकळी हो."

मंजुश्रीनं पेन उचलला, खाली ठेवला. मग तिनं माहेरी फोन लावला.

"वहिनी, गोळ्या नीट घेतल्या का?"

"घेतल्या की. डॉक्टरनं मला पाच दिल्या. पर घरात चौघं लोळायलते. एकटीनंच कशा खाऊ? बत्त्यानं एकेका गोळीचे चार तुकडे केले, समद्यास्नी वाटले."

"परसाद व्हय तो?"

"मग सासूला तसंच ठिवू का? तुझीच आई हाय ती!"

मंजुश्री खुर्चीतून ताडकन उठली. चतकोर गोळीनं जंतू मरत न्हाई, पण त्याला दुभंगताबी येत न्हाई. नुसता लांबत जातो. अन् विहिरीत खायला न्हाई म्हून तोच आकसून गोल होतो. असंल तसं. नसंल तर हणमंतराव खरे, अन् उगंच भाचीच्या लग्नात खोडा. हे उलगडायला एकच वाट होती: दोन्ही बाटल्यांतल्या जंतूंना पोटभर खाऊ घालायचं, अन् मग रूप बघायचं. जंतूंच्या खाण्याचं, औषधाबिगरचं ताजं द्रावण दोन नळ्यांत घेऊन तिनं नमुने सोडले, अन् अंगाएवढी ऊब धरणाऱ्या पेटीत ठेवले. सात तास.

सात तास तिचा पाय एका जागी ठरला न्हाई. धुतलेल्या काचा परत धुतल्या. चहावर साय धरली. दर घटकेला पेटीच्या काचेतून डोकावायची.

"अंडी उबवायलीस का?" हणमंतराव हसले.

तीनला व्यंकटचा फोन. मागं मोटारीची घरघर.

"अण्णा, मोटार कामून चालू केलास? कबूल केलतास की!"

"आचारी येऊन बसलाय. तुझ्या निकालापायी वरात थांबवू का? हौद भरायलोय मी."

फोन कट झाला.

चारला तिनं पहिल्या नळीतला थेंब भिंगाखाली घेतला. दोरे गेले होते. आखूड, विळ्यागत वाकडे जंतू सैरावैरा पळायलते. दुसऱ्या नळीत विहिरीचं पाणी. तिथंबी तेच, जुळ्या भावावानी. दोन्हींत तिनं सीरमचा थेंब सोडला, फकस्त पटकीच्याच जंतूला जखडणाऱ्या. पळणारे समदे जागच्या जागी थिजले.

हणमंतरावांनी बराच येळ बघितलं. "फोन कर," एवढंच म्हणाले.

"अण्णा, पटकीच हाय. विहिरीतबी तीच. मोटार बंद कर, हौद ओत, टँकर मागव."

"मंजे, आठशे माणसं. व्याही काय म्हणतील?"

"जित्ती राहिली तर म्हणतील की!"

मोटार चालूच. मग लांबून नागूबाईचा आवाज चिरत आला, "अवं, बंद करा की ती! मी चौघांत वाटलं ते पुरं झालं, तुमी आठशेत वाटायलाव का?"

घरघर थांबली. पाणी ओतल्याचा आवाज आला.

मंजुश्रीनं श्वास सोडला. "वहिनीला फोन दे... वहिनी, डॉक्टरला सांगायलेय, गोळ्या परत देईल. तुझ्या तू अख्ख्या गिळ."

"अन् सासूच्या?"

"तिच्या येगळ्या गं माय!"