जोर जास्त लागला

आमच्या शॉपमधले किस्से नायलॉनच्या पावडरीसारखे हायेत. कितीबी झटका, घरी गेल्यावर खिशात सापडतातच! कागल एमआयडीसीत आम्ही लेसरनं प्लास्टिकचे पार्ट बनवतो. मशीनमध्ये पावडरीचा पातळ थर पसरायचा, लेसरनं हवा तेवढाच भाग वितळवायचा, त्यावर परत थर. उरलेली पावडर चाळून पुन्हा वापरायची. सगळी भानगड या 'पुन्हा'पाशी हाय.

*

मालक आप्पा मूळचे फौंड्रीवाले. तिथं बिघडलेलं कास्टिंग परत भट्टीत टाकलं की काम झालं. त्यामुळं पावडर टाकून द्या म्हटलं की त्यांचं डोकंच फिरायचं. "लोखंड कवा म्हातारं झालंय व्हय?"

"आप्पा, हे प्लास्टिक हाय," आमची इंजिनिअर सुजाता म्हणायची. "दर खेपेला तापून खराब होतंय."

"तू गप. नव्यात थोडी जुनी मिसळ, कुणाला कळतंय!"

*

कळायचं की! एकदा पंपाची कव्हरं संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत निघाली. गिऱ्हाईक नुसतं हात फिरवत बसलं. आप्पा लगेच, "पावणं, मुद्दाम केलंय. हातातनं निसटायचं न्हाय!"

पावण्यांनी आणखी दोन मागितली. आम्ही हसू लपवायला आत पळालो.

*

एक गोष्ट मात्र मला पटत न्हवती. "ज्या पावडरीला लेसर लागलाच न्हाय, ती कशी खराब होती?" मी सुजाताला विचारलं.

"लेसर न्हाय लागला, पण शेजारी तापत तर बसलीय की!"

घरी आलो. आई ताट वाढत होती. बाबांचं सगळं आजारपण तिनंच काढलंय. तिच्याकडं बघितलं, सुजाताचं बोलणं आठवलं आणि तिच्या हातातनं पळी काढून घेतली.

*

दर जॉबबरोबर आम्ही एक पट्टी काढतो आणि हातानं वाकवून बघतो. वाकली तर माल चांगला, मोडली तर पावडर जुनी झाली. आप्पांची नात पिऊ एका पायानं अधू. त्या पायाला बांधायचा सपोर्ट आम्हीच काढला. पट्टी आप्पांनी वाकवली. कट्ट! सुजातानं त्यांच्याकडं बघितलं.

"तालमीतला हात हाय. जोर जास्त लागला," म्हणत त्यांनी तुकडे खिशात घातले.

आठवडाभरात सपोर्ट शाळेच्या पायरीवर मोडला. पिऊ पडली, गुडघा फुटला. आप्पा तिला घेऊन शॉपवर आले. पोरीनं मोडका सपोर्ट पुढं केला आणि खाली बघत म्हणाली, "आप्पा, माझाच जोर जास्त लागला."

आप्पांनी जुन्या पावडरीचं पिंप स्वतः ढकलत बाहेर नेलं आणि नवं फोडलं.

नवा सपोर्ट बांधून पिऊ उभी राहिली. इतकं अलगद पाऊल टाकत होती की बघवत न्हवतं. तेवढ्यात आप्पा सगळं शॉप दणाणंल असे ओरडले, "आपट की पाय! अगं, आपट!"

पिऊनं आधी त्यांच्याकडं बघितलं. मग आपटला.

"आणि जोरात," आप्पा म्हणाले.