पाठ कुणाची?

लेक झाली तेव्हा माझं माहेर तिकडं भंडाऱ्याला, आणि मी इकडं येरमाळ्यात, हायवेलगतच्या भाड्याच्या खोलीत. नवरा ट्रकांची पंक्चरं काढतो. ऐन धानकापणीत आईला येता आलं नाही. सातवीनंतर शाळा सुटली म्हणून असेल, पण कुणी काही सांगितलं की मी लगेच मान हलवते. कळलं नाही तरी पुन्हा विचारत नाही.

दवाखान्यातून निघताना नर्सबाई म्हणाल्या, बाळाला नेहमी पाठीवर झोपवायचं. मी मान हलवली. रिक्षात बसल्यावर मनात आलं, पाठीवर म्हणजे कसं?

घरमालकीण भाकरतुकडा घेऊन दारात उभी होती. तिला मी मावशी म्हणते. नात्यागोत्यातली नाही, तरी माझ्या पोटात लेक असतानाच तिनं आपल्या सासूच्या जुन्या लुगड्याची मऊसूत वाकळ शिवून ठेवलेली. नर्सबाईंचं बोलणं मी तिला सांगितलं. तिनं पदराला हात पुसत निकाल दिला, पाठीवर म्हंजे पाठीवर थापटून. थापटल्याबिगर लेकरू झोपतंय व्हय?

आता पाठ थापटायची तर बाळ पालथं हवं. मावशीनं वाकळ दुमडून गादीसारखी केली, डोकं गोल व्हावं म्हणून राईची उशी ठेवली आणि लेकीला पालथं घालून थापटलं. लेक गाढ झोपली. मी मात्र तिच्या नाकाशी बोट नेऊन श्वास बघत होते. तोंड वाकळीत इतकं रुतलेलं की बोटसुद्धा जेमतेम शिरत होतं. मावशी म्हणाली, “बोट लावून लावून लेकराच्या नाकाला घट्टा पाडशील.” मी हसले. बाळाला न्हाऊ घालणारी, मला डिंकाचे लाडू करून घालणारी तीच. तिला कोणत्या तोंडानं नको म्हणायचं? मी तिथंच बसून राहिले, बोट काढलं नाही.

दुपारी आशाताई आली. गावातल्या बाळंतिणींकडं तीच बघते. तिनं दारात चपला काढल्या, बाळाकडं बघितलं आणि आधी त्याला उलटं केलं. उशी उचलून बाजूला ठेवली.

“अगं, नर्सबाईनंच सांगितलंय, पाठीवर,” मावशी म्हणाली.

“कुणाच्या पाठीवर, मावशी?”

मावशीनं माझ्याकडं बघितलं, मी बाळाकडं.

“तिच्याच. तिची पाठ खाली, तोंड आढ्याकडं.”

“म्हंजे उताणं म्हण की. मराठीत सांगाया काय झालतं?”

आशाताई हसत हसत खालीच बसली. मावशीचं मन मात्र मानेना. उताणं मढ्याला ठेवत्यात, ती हळूच म्हणाली. यावर आशाताई हसली नाही. म्हणाली, तान्ह्याचं तोंड मऊ कपड्यात रुतलं तर त्याला मान उचलता येत न्हाय. अशी काही लेकरं झोपेतच जातात, शेजारी आईला आवाजसुद्धा येत न्हाय. म्हणून झोपवायचं उताणंच, दिवसा काय न् रात्री काय. आईजवळ, पण वेगळ्या, सपाट, टणक अंथरुणावर. तोंडाजवळ उशी, पांघरूण काहीच नको. दूध वर आलं तर, मावशीनं विचारलं. उताणं असलं तरी बाळ ते गिळतं, न्हायतर खोकून बाहेर काढतं, आशाताई म्हणाली.

मावशी वाकळीची घडी करायला लागली. “म्हंजे ही वायाच गेली,” असं म्हणाली आणि मला रडूच यायला लागलं.

“वाया कशी?” आशाताईनं घडी तिच्या हातातून घेऊन जमिनीवर एकपदरी पसरली. बाळ जागं असलं की थोडा थोडा वेळ यावर पालथं घालायचं. मानेत जोर येतो, डोकंबी चपटं होत न्हाय. पण समोर बसून. डोळा लागला की उचलून उताणं.

ते काम मावशीनं दुसऱ्या कुणाला दिलंच नाही. लेक वाकळीवर कासवासारखी मान वर काढते आणि मावशी समोर बसून येडाई देवीची गाणी म्हणते. उशीतली राई फोडणीला गेली. गल्लीत कुणाची लेक बाळंतपणाला आली की मावशी आधी तिथं जाऊन सांगते, पाठीवर झोपवा, आपल्या न्हाय, लेकराच्या.

परवा दुपारी मी धुणं वाळत घालून आत आले. लेक सतरंजीवर उताणी, हात डोक्याच्या दोन्ही बाजूला टाकून झोपलेली. मावशी वाकून तिच्या नाकाशी बोट धरून होती. मला बघून तिनं हात झटकला.

“माशी बसलीवती,” म्हणाली.

माशी कुठंच नव्हती. मी तिच्या शेजारी टेकले, आणि त्या दुपारी मी स्वतः बोट लावून बघितलं नाही.